नळीच्या अलीकडे

॥ श्री ॥

कराड,
वैशाख वद्य पंचमी

चि. बाळ यास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र परवा पोहोचले. ताईच्या गुडघ्याची हकीकत, गाडीच्या कर्जाचे किती हप्ते फिटले आणि किती राहिले याचा तपशील, लासलगावहून कलकत्त्यापर्यंतच्या एका खेपेत डिझेल, टोल आणि हमाली वजा जाता हाती काय उरते याचा हिशेब, हे सारे तू इतक्या नेटकेपणाने लिहिले आहेस की मला तुझ्या आजोबांच्या जमाखर्चाच्या वह्यांची आठवण झाली. परंतु ज्या कारणासाठी तू पत्र लिहावयास बसलास त्या कारणाच्या वाट्यास मात्र शेवटच्या चार ओळीच आल्या आहेत : केबिनचा एसी थंड करीत नाही, मेस्त्री गॅस भरण्याचे अडीच हजार मागतो, गेल्या उन्हाळ्यातही इतकेच दिले होते, आणि धुळ्याचा कोणी दोस्त म्हणतो की गॅसचा डबा व नळी विकत मिळते, मोबाइलवर पाहून अर्ध्या तासात काम उरकते, तेव्हा मामा, स्वतःच करू का?

बाळ, या चार ओळींत फैसला आहे, पंचनामा नाही. एसी थंड करीत नाही म्हणजे नेमके काय होते? झरोक्यातून वारा येतो पण गार येत नाही, की मुळात वाराच येत नाही? पहाटे चांदवडच्या घाटात गार लागतो आणि दुपारी जळगाव ओलांडताना लागत नाही? गाडी पळत असता गार, आणि टोलनाक्याच्या रांगेत उभी राहिली की गरम? बटण दाबल्यावर कॉम्प्रेसरच्या तोंडाशी 'टक्' असा आवाज होऊन त्याची पुढची चकती फिरू लागते, की पट्टा नुसताच बाहेरची पुली फिरवीत राहतो? यांपैकी प्रत्येक प्रश्नाचे उत्तर वेगळ्या रोगाकडे बोट दाखविते, आणि त्यांतल्या निम्म्या रोगांचा गॅसशी सुतराम संबंध नसतो. तुझ्या मेस्त्रीने यांतले काही विचारले असेल असे तुझ्या पत्रावरून दिसत नाही. आणि तूही स्वतःला विचारलेले नाहीस. म्हणून 'मी करू की त्याने करावे' हा वाद तूर्त तहकूब ठेव.

त्याआधी एक गोष्ट मनातून काढून टाक. आमच्या पिढीला गाडीतला एसी ही चैन वाटे. ओला पंचा डोक्यावर टाकून आणि दोन्ही काचा उतरवून माणसे वऱ्हाडातला मे महिना काढीत, आणि तसा तो काढला याचा आम्हांला अभिमानही असे. आता मला तो अभिमान पोकळ वाटतो. केबिन इंजिनाच्या डोक्यावर बसविलेली, बाहेर अकोल्याचे ४४-४५ अंशांचे ऊन, खालून इंजिनाची धग, आणि चाकामागे बसलेल्या माणसाच्या पापणीवर दहा चाकांचे ओझे, अशा स्थितीत थंड हवा हा ब्रेकसारखाच सुरक्षिततेचा भाग आहे. २०२५ सालच्या ठरावीक तारखेपासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांहून अधिक वजनाच्या मालवाहू गाड्यांच्या केबिनीत वातानुकूलन असलेच पाहिजे, असा केंद्र सरकारचा हुकूम झाला, तो उगाच नव्हे. तुझी गाडी त्याआधीची आणि दुसऱ्या हातची, म्हणून तिला कंपनीच्या हमीचे छत्र नाही. ते असते तर हे पत्र दोन ओळींत संपले असते. तेव्हा 'बंदच ठेवतो, पैसे वाचतील' हा तिसरा मार्ग मी तुला खुला ठेवीत नाही.

आता यंत्राकडे. उन्हाळ्यात ओला पंचा अंगावर घेऊन वाऱ्याला बसले की गार वाटते, कारण पंचातले पाणी वाफ होऊन जाताना अंगाची उष्णता बरोबर नेते. माठातले पाणी गार होते तेही याच न्यायाने. एसीत पाण्याच्या जागी आर-१३४ए नावाचा पदार्थ योजलेला असतो, जो मोकळ्या हवेच्या दाबाखाली उणे २६ अंशांवरच उकळू लागतो. डॅशबोर्डाच्या पोटात असलेल्या कूलिंग कॉइलमध्ये तो उकळतो आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता केबिनच्या हवेतून ओढून घेतो. ती वाफ कॉम्प्रेसर दाबून तापवितो. ती तापलेली वाफ पुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, आपली उष्णता बाहेरच्या वाऱ्याच्या स्वाधीन करून पुन्हा द्रव होते. तो द्रव ड्रायरच्या बाटलीतून गाळून, एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या अरुंद मुखातून, पुन्हा कॉइलमध्ये उकळावयास येतो. या संपूर्ण फेऱ्यात त्या पदार्थाचा एक थेंबही खर्ची पडत नाही. डिझेल जळते, इंजिनचे ऑइल थोडे जळते, ब्रेकचे लायनर झिजते. पण गॅस ना जळतो ना झिजतो. रबरी नळ्यांतून आणि कॉम्प्रेसरच्या दांड्याच्या सीलातून वर्षानुवर्षांच्या मुदतीत तो किंचित झिरपतो हे कबूल. परंतु गेल्या उन्हाळ्यात भरलेला गॅस या उन्हाळ्यास पुरला नसेल, तर त्याला झिरपणे म्हणत नाहीत, भोक म्हणतात. 'गॅस संपला' हे वाक्य ज्या गॅरेजात ऐकू येईल तेथे 'तो गेला कोठून?' असे विचारण्याची सवय कर. गेल्या वर्षीच्या अडीच हजारांत तू गॅस विकत घेतलास, दुरुस्ती विकत घेतली नाहीस. आणि यंदा दोस्ताच्या डब्याने तू तेच करणार आहेस, फरक इतकाच की मजुरीही तुझीच.

मी जी सरहद्द मानतो ती येथे येते. एसीच्या यंत्रणेत गॅस ज्या नळ्यांतून फिरतो त्या नळ्या, त्यांचे जोड आणि त्यांना लागलेले अवयव हा एक सीलबंद मुलूख आहे, आणि त्याच्या बाहेरचे सगळे, म्हणजे वीज, वारा, पट्टा आणि धूळ, हा दुसरा. नळीच्या अलीकडच्या या दुसऱ्या मुलखात तुझा अंमल बिनदिक्कत चालू दे. पान्हा, टेस्ट लॅम्प आणि दोन तासांची सवड एवढ्या भांडवलावर तेथे पुष्कळ काही करता येते.

सुरुवात फ्यूजपासून कर. फ्यूज जळालेला निघाला तर तितक्याच अँपिअरचा दुसरा बसव, आणि तोही जळाला तर थांब. तेथे जाड तार अडकवून गाडी पुढे काढण्याची जी विद्या धाब्याधाब्यावर फुकट शिकविली जाते, तिने उभ्या गाड्या पेटलेल्या आहेत. मग रिले पाहा. शेजारचा हॉर्नचा वा दिव्याचा रिले तसाच, त्याच क्रमांकाचा असेल, तर दोघांची अदलाबदल करून एका मिनिटात शहानिशा होते. नवा घेताना मात्र दुकानदारास गाडीचे नाव सांगून भागत नाही. तुझ्या गाडीची वीज २४ व्होल्टांची आहे आणि मोटारीच्या दुकानात हाताशी असलेला रिले १२ व्होल्टांचा. त्यानंतर पट्टा : त्यावर तेल चढले आहे का, तो तडकला आहे का, बोटाने दाबता फाजील ढिला लागतो का. केबिनच्या हवेचा फिल्टर गाडीस असेल तर तो काढून झटक. मी असे फिल्टर पाहिले आहेत की ज्यांच्यात ज्वारी पेरली असती तर उगवली असती. वारा एकाच गतीवर येतो आणि बाकीच्या गतींवर येत नाही, तर ब्लोअरचा रेझिस्टर गेला. ते काम तुझे.

आणि मग जाळी. या जागी मी थोडा रेंगाळणार आहे, कारण तुझा माल कांदा आहे. बाजार समितीच्या आवारात दिवसभर उडणाऱ्या त्या तांबूस, कागदासारख्या साली गाडीच्या तोंडातून आत ओढल्या जातात आणि कंडेन्सर व रेडिएटर यांच्या मधल्या बोटभर फटीत जाऊन बसतात. वरून पाहणाऱ्यास जाळी स्वच्छ दिसते आणि आत मात्र सालींची गोधडी झालेली असते. गाडी पळताना जोराचा वारा कसाबसा वाट काढतो म्हणून थंडावा मिळतो, आणि रांगेत उभी राहिली की पंख्याच्या एकट्याच्या बळावर वारा निघत नाही, जाळीतली उष्णता जाळीतच राहते, दाब चढत जातो आणि शेवटी जास्त दाबाचा स्विच कॉम्प्रेसर बंद पाडतो. अशा गाडीत, तिला थंडी नाही म्हणून, कोणी आणखी गॅस भरला तर आधीच चढलेला दाब आणखी चढतो. म्हणजे ज्याला श्वास लागला आहे त्याच्या छातीवर पोते ठेवावे तसे. तुझ्या मालावरून मला सर्वांत अधिक संशय याच गोधडीचा आहे. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, साध्या नळाच्या पाण्याने, आतल्या बाजूकडून बाहेरच्या बाजूस धू. सर्व्हिस स्टेशनचा जोराचा फवारा मारू नकोस, त्याने जाळीची पातळ पाती आडवी होतात आणि वाऱ्याची वाट कायमची बुजते. जाळी धुताना जोडांकडेही नजर टाक. जेथे गॅस निसटतो तेथे त्याच्याबरोबर थोडे तेल बाहेर येते, आणि तेलावर आपल्या रस्त्यांची धूळ बसून काळा ओलसर डाग पडतो. असा डाग दिसला तर साबणाचा फेस लाव, बुडबुडा येतो का पाहा, आणि खडूने खूण करून ठेव. पान्हा लावू नकोस.

पान्हा का लावावयाचा नाही याची माझी साक्ष माझ्या डाव्या अंगठ्यावर आहे. तू लहान असताना त्या पांढऱ्या डागाला 'मामाचा चंद्र' म्हणत असस. मला वर्कशॉपात लागून आठ-नऊ वर्षे झाली होती, हाताखाली दोन पोरे होती, आणि इंजिन उघडता येते त्या माणसाला एक नळी सोडता येणार नाही हे मला खरे वाटत नव्हते. एका जीपगाडीचा जोड मी, गॅस बहुधा निघून गेला असेल अशा समजुतीने, दोन आटे सैल केला. गॅस निघून गेलेला नव्हता. पांढऱ्या धुक्याचा एक फूत्कार आला, आणि द्रवाचा जो शिंतोडा अंगठ्यावर पडला त्याने कातडी भाजावी तशी, परंतु थंडीने, मेली. डोळ्यावर चष्मा नव्हता. शिंतोडा चार इंच वर उडाला नाही हे माझे कर्तृत्व नव्हे. त्या 'बहुधा'ने मला जे शिकविले ते बत्तीस वर्षांच्या नोकरीत दुसऱ्या कशाने शिकविले नाही.

दुखापत हे एकच कारण असते तर हातमोजे आणि चष्मा घालून तुला परवानगी दिली असती. दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे, आणि मोबाइलवरच्या चित्रफिती ते सांगत नाहीत. तो डबा दाब दाखविणाऱ्या ज्या छोट्या घड्याळासह विकला जातो त्या घड्याळाने यंत्रणेत गॅस किती आहे हे कळत नाही. ३५ अंशांच्या हवेत बंद उभ्या असलेल्या गाडीच्या नळ्यांत सुमारे ११५ पौंड दाब दिसेल, जवळजवळ तुझ्या टायरइतका. आणि यंत्रणेत द्रवाचा थोडा अंश जरी शिल्लक असला तरी तो तितकाच दिसेल, कारण हा दाब तपमानावर ठरतो, साठ्यावर नव्हे. पूर्ण भरलेली गाडी आणि अर्धी रिकामी गाडी त्या घड्याळापुढे सारख्याच. इंजिन चालू असतानाचे आकडे काही सांगतात खरे, पण बाहेरचे ऊन, जाळीची स्थिती आणि व्हॉल्व्हची तब्येत यांची रुजवात घातल्यावाचून त्यांचा अर्थ लागत नाही. म्हणून जाणता कारागीर गॅस अंदाजाने भरीत नाही, काट्यावर तोलून भरतो. किती ग्रॅम हे तुझ्या गाडीवरच्या चिठ्ठीवर छापलेले असते, एक किलोच्या आतबाहेर.

आणि तोलण्याच्याही आधी नळ्या निर्वात कराव्या लागतात. जोड एकदा उघडला की बाहेरची हवा आणि तिच्याबरोबर दमटपणा आत शिरतो. आतले तेल या दमटपणाचे मोठे लोभी. त्याच्याशी पाण्याचा संयोग झाला की हळूहळू आम्ल तयार होऊन आतून धातू खाल्ला जातो, आणि पाण्याचा कण एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या मुखाशी गोठला की एसी अर्धा तास चालून गप्प होतो. हे पाणी फडक्याने पुसता येत नाही. पंपाने आतली हवा इतकी उपसावी लागते की ३० अंशांच्या खोलीतही पाणी आपोआप उकळून वाफ होऊन निघून जाईल. त्यासाठी वातावरणाचा ७६० मिलिमीटरांचा दाब ३२ मिलिमीटरांच्याही खाली उतरवावा लागतो आणि तेथे अर्धा-पाऊण तास टिकवावा लागतो. पंप बंद केल्यावर घड्याळाचा काटा जागचा हलला नाही म्हणजे गळती नाही, हलला तर आहे. असा पंप, काटा, जुना गॅस परत ओढून घेणारे यंत्र आणि गळती शोधणारे साधन ही सामग्री वर्षातून एकदा स्वतःच्या एका गाडीसाठी विकत घेणे हे तुझ्या हिशेबाच्या वहीत कोणत्या सदरात बसेल ते तूच ठरव.

गॅस कमी झाला की कमी दाबाचा स्विच कॉम्प्रेसरला चालूच होऊ देत नाही. काही हुशार लोक त्या स्विचला तारेने फसवितात आणि 'बघा, चालू झाला' म्हणतात. कॉम्प्रेसरचे तेल गॅसबरोबरच फिरत असते. गॅस नाही तर तेल नाही, आणि तेलावाचून तो स्वतःला घासून जो धातूचा चुरा पाठवितो तो जाळीपासून व्हॉल्व्हपर्यंत सगळीकडे भरतो. अडीच हजारांचे काम तीस हजारांवर न्यावयाची ही खात्रीची युक्ती आहे.

गॅस हवेत सोडून देण्याविषयीही लिहिले पाहिजे, कारण चित्रफितीत तो फुसकन सोडलेला तू पाहिला असशील. जुन्या गाड्यांत आर-१२ असे. त्याच्या जनकांपैकी प्रमुख थॉमस मिज्ली याने १९३० साली अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत तो गॅस छातीत भरून घेतला आणि फुंकून मेणबत्ती विझविली, विषारीही नाही आणि ज्वालाग्राहीही नाही हे दाखविण्याकरिता. प्रयोग खरा होता. परंतु याच वर्गातले वायू आकाशातला ओझोनचा थर खातात हे मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ साली मांडले, आणि १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने त्यांची हद्दपारी सुरू झाली. तुझ्या गाडीतला आर-१३४ए ओझोनला धक्का लावीत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबाने पृथ्वी तापविण्यात कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे-चौदाशे पट भारी पडतो. आठशे ग्रॅम सोडून दिला तर सुमारे चारशे लिटर डिझेल जाळल्यासारखे झाले. आणि स्वस्त म्हणून स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचे मिश्रण भरणारे कोणी भेटले तर तेथून गाडी काढ. ज्या केबिनीत तू आणि क्लीनर रात्री झोपता तिच्या डॅशबोर्डात तो सिलिंडरच होय.

इतके सांगितल्यावर मी तुला मेस्त्रीच्या पायावर घालीत आहे असे समजू नकोस. गळती न शोधता गॅस ओतणारा मेस्त्री आणि डब्याने गॅस ओतणारा तू यांत मला काडीचा भेद दिसत नाही. त्याच्याकडे फक्त पाटी आहे. जाळी धुतल्यावर, फ्यूज-रिले पाहिल्यावर, काळ्या डागावर खडूची खूण केल्यावर त्याच्याकडे जा आणि शांतपणे विचार : गळती कशाने शोधणार? व्हॅक्यूम किती वेळ मारणार? ड्रायरची बाटली बदलणार ना? गॅस तोलून घालणार ना? या प्रश्नांनी जो रागावतो त्याला रामराम कर. जो हसतो आणि तुला शेजारी उभे राहू देतो, त्याला अडीचचे चार हजार पडले तरी घासाघीस करू नकोस.

तुला हे काम खरोखरच शिकावयाचे असेल तर माझी ना नाही. उलट आनंदच आहे. मालट्रकवर शीतयंत्र बसविण्याची कल्पना १९३८ च्या सुमारास ज्याने प्रत्यक्षात आणली तो फ्रेडरिक जोन्स अमेरिकेतला एक पोरका, काळ्या वर्णाचा, शाळा अर्धवट सुटलेला मनुष्य होता. त्याची हकीकत 'स्वतः शिकला' एवढ्यावर सांगतात. पोरवयात तो गॅरेजात झाडू मारीत होता आणि तेथूनच मेकॅनिक झाला हे गाळतात. पावसाळ्यात खेपा मंदावतील तेव्हा त्या हसणाऱ्या मेस्त्रीकडे दोन महिने फुकट राबावयास जा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत या धंद्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे; घरातल्या धाकट्याला दहावीनंतर तेथे घालण्याचा विचार ताईने करावा, असे माझे नाव सांगून तिला सांग.

काही कारणाने केबिन उलटावी लागली तर तिचा अडसर नीट बसला आहे याची हाताने चाचपून खात्री केल्यावाचून खाली वाकू नकोस. आणि केबिन उलटताना एसीच्या रबरी नळ्या कशा वळतात ते एकदा पाहून ठेव. कॉम्प्रेसर इंजिनावर आणि कॉइल केबिनीत, तेव्हा प्रत्येक उलटापालटीचा ताण त्या नळ्यांच्या टोकांवर येतो. काळा डाग शोधावयाचा तर पहिल्याने तेथे.

जाळीतून किती साली निघाल्या, आणि त्यानंतर रांगेत उभ्या गाडीत थंडावा राहिला का, हे मला उलट टपाली कळव. मेस्त्रीकडे जाण्याची पाळी आलीच तर त्याच्या दोन्ही घड्याळांचे आकडे आणि त्या वेळचे बाहेरचे तपमान चिठ्ठीवर टिपून आण.

ताईस व तुझ्या वडिलांस नमस्कार, मुलांस आशीर्वाद. कळावे.

तुझा,
मामा

ता. क. — तुझ्या दोस्ताने तो डबा आधीच आणून दिला असेल तर तो केबिनीत किंवा हत्यारांच्या पेटीत ठेवू नकोस. उन्हात उभ्या गाडीच्या धगीने असले डबे फुटतात. सील तोडलेले नसेल तर बिल घेऊन दुकानदाराकडे जा. तो परत घेईल.